सेरामाइड आणि कर्कपेशीचा मृत्यू : संशोधनाचा मागोवा

पेशीपटलातील लिपिडे, म्हणजे स्निग्ध द्रव्ये, ही पेशीच्या बांधणीची निव्वळ सामग्री होय, ही समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही दृढ होती. योहान थुडिखुम यांनी १८८४ सालीच मेंदूच्या रसायनावरील ग्रंथात सेरामाइडाचा कणा असलेल्या स्फिंगोसिनाची नोंद केली असली, तरी ते पेशीत नेमके काय करते, हा प्रश्न शंभरेक वर्षे अनुत्तरित राहिला. दरम्यान १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी पेशीच्या शिस्तबद्ध आत्मनाशाला, ज्यात पेशी आक्रसते आणि आसपास दाह न होता तिचे तुकडे पडतात, ॲपॉप्टॉसिस असे नाव दिले.

हे दोन धागे १९९३ मध्ये जुळले. लीना ओबेद, युसूफ हन्नून आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले की, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा या प्रथिनाच्या प्रभावाने पटलातील स्फिंगोमायलिन या लिपिडाचे विघटन होऊन सेरामाइड तयार होते, आणि आखूड साखळीचे कृत्रिम सेरामाइड ल्युकेमियाच्या पेशींना बाहेरून दिले, तरी त्यांच्या डीएनएचे तुकडे होतात. याच गटाने तपासलेल्या डायहायड्रोसेरामाइडात केवळ एक दुहेरी बंध कमी होता आणि त्याचा परिणाम जवळजवळ शून्य होता. संपूर्ण युक्तिवादाचे बळ खरे तर या तुलनेत आहे, कारण कोणतेही स्निग्ध द्रव्य ओतले की पेशी मरतेच, हा आक्षेप तिने मोडीत काढला.

पुढे १९९६ मध्ये नीमन-पिक रुग्णांच्या, म्हणजे स्फिंगोमायलिन तोडणारे आम्लीय विकर जन्मतःच नसलेल्या, पेशी किरणोत्साराला दाद देत नाहीत आणि विकर परत मिळताच देऊ लागतात, असे आढळले. त्याच वर्षी सारा स्पीगेल यांच्या गटाने स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हे सेरामाइडापासूनच पेशीत घडणारे द्रव्य मृत्यूला अटकाव करते, असे सिद्ध केले. त्यामुळे एकट्या सेरामाइडाच्या प्रमाणापेक्षा या दोन पारड्यांपैकी कोणते जड आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

आरंभीच्या उत्साहात एक गोष्ट मात्र निसटली. नैसर्गिक सेरामाइडाच्या साखळ्या लांब असतात, त्या जोडणारी विकरे सहा आहेत आणि साखळीच्या लांबीनुसार परिणामही बदलतो, त्यामुळे आखूड कृत्रिम रेणूंवरून काढलेले निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय औषधांना न जुमानणाऱ्या अनेक कर्कपेशी सेरामाइडाला ग्लुकोजचा रेणू जोडून त्याला निष्प्रभ करतात. स्फिंगोसिनाशी साधर्म्य असलेले फिंगोलिमोड २०१० मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले, पण ते मल्टिपल स्क्लेरॉसिससाठी, कर्करोगासाठी नव्हे.