पश्चात्‌बुद्धी आणि अपरिहार्यता : काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या निमित्ताने

घटनेचा शेवट ज्ञात असणे ही इतिहासाच्या अभ्यासकाची सोय असते, तशीच अडचणही. पुढे काय घडले हे ठाऊक असल्याने, जे घडले तेच घडणार होते असे वाटू लागते. अंबडसारख्या नाशिकच्या औद्योगिक परिसरातील विद्यार्थ्याला अगदी जवळचा असलेला काळाराम मंदिर सत्याग्रह या दृष्टीने उद्बोधक आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धम्माचा स्वीकार झाला. या तीन तारखा एका रेषेत मांडल्या की नाशिक हा नागपूरचा केवळ पूर्वरंग ठरतो. परंतु बंद दारासमोर बसलेल्या सत्याग्रहींना १९५६ साल ठाऊक नव्हते. दार उघडणे ही त्यांच्यापुढील खरी शक्यता होती. येवल्यासही कोणता धर्म स्वीकारावयाचा हे ठरलेले नव्हते. पुढे काही काळ शीख धर्माचा विचार झाला.

दादासाहेब गायकवाडांना ३ मार्च १९३४ रोजी लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून नव्हे, तर त्यांच्यात चेतना निर्माण व्हावी म्हणून हा लढा उभारला, अशा आशयाचे स्पष्टीकरण केले आहे. ते महत्त्वाचे आहेच. तथापि त्यामागे चार वर्षांचा अनुभव उभा आहे. १९३० मधील प्रत्येक सत्याग्रहीचे मनोगत म्हणून ते वाचणे योग्य नव्हे.

प्रश्न केवळ अभ्यासपद्धतीचा नाही. धर्मांतर अटळच होते असे मानले, तर दार बंद ठेवणाऱ्यांचा निर्णय हा निर्णय राहत नाही आणि त्यांची जबाबदारीही संपते. सत्याग्रहींचे धैर्यही नियतीच्या खाती जमा होते.

अर्थात कार्यकारणभाव नाकारावा असे येथे सुचवावयाचे नाही. नाशिकच्या अनुभवातून येवल्याची वाट निघाली, हे म्हणणे रास्त आहे. ती एकच वाट होती, हे म्हणणे मात्र नव्हे. म्हणून चरित्र, आत्मकथन वा कादंबरी अभ्यासताना घटनाकाल आणि लेखनकाल यांतील अंतर आधी मोजावे. त्या अंतरातच अपरिहार्यतेचा आभास जन्म घेतो.