शिंक न आणणारा शिकारी कुत्रा

तळ्यात पडलेलं बदक कुत्रा तोंडात धरून काठावर आणतो, मालकासमोर बसतो आणि तो हात पुढे करीपर्यंत ते तसंच धरून ठेवतो. दात रुतवत नाही, पीस मोडत नाही. हातात आलेलं बदक ओलं असतं. त्यातला काही ओलावा तळ्याचा, काही कुत्र्याच्या लाळेचा. कुत्र्याची ॲलर्जी असलेल्या शिकाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. शिंका आणणारी, डोळे चुरचुरवणारी, प्रसंगी दम लावणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेतून, कातडीच्या कोंड्यातून आणि लघवीतून येतात. केस हे त्यांचं वाहन. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, केस गळून गाडीच्या सीटवर आणि घरातल्या सतरंजीवर पसरतात.

तेव्हा ज्याचे केस गळत नाहीत तो कुत्रा ॲलर्जीवाल्याला चालेल, असं लोकांनी गृहीत धरलं. हे गृहीतक निम्मंच खरं आहे. पण त्या निम्म्या खरेपणावर लॅब्राडूडल, गोल्डनडूडल अशा पूडलच्या संकरांची मोठी बाजारपेठ उभी राहिली, आणि आता अमेरिकेत बदकांच्या मोसमात असे कुरळे कुत्रे घेऊन दलदलीत उतरणारे शिकारीही दिसतात.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. पूडल हा मुळात पाण्यातला शिकारी. त्याच्या अंगावरचे ते विचित्र झुपके, ज्यांच्यामुळे तो आज प्रदर्शनातलं खेळणं वाटतो, तेही पाण्यातल्या कामातूनच आले असं सांगतात : पोहणं सोपं व्हावं म्हणून मागचं अंग कातरायचं आणि छाती व सांधे उबदार राहावेत म्हणून तिथले केस ठेवायचे. मोठ्या आकाराचा, म्हणजे स्टँडर्ड पूडल, आजही बदक उत्तम आणतो. मात्र न गळणाऱ्या केसांची दुसरी बाजूही आहे. गळायचा केस अंगावरच अडकून राहतो, त्याचा गुंता होतो, त्यात कुसळं आणि गोखरू रुततात. जॉन सूटर नावाच्या गृहस्थांनी १९८८ ते १९९१ या काळात अलास्कातल्या इडिटारॉड या प्रसिद्ध स्लेज शर्यतीत स्टँडर्ड पूडल उतरवले होते. कुत्रे धावले, पण बर्फात त्यांच्या केसांचे गुंते होऊन ते गोठू लागले. पुढे आयोजकांनी ही शर्यत उत्तरेकडच्या थंडीला सरावलेल्या जातींपुरतीच ठेवली.

पूडलचं डोकं आणि पाण्याची ओढ घ्यायची, पण केस मात्र झाडीझुडपांत टिकतील असे हवेत, हा विचार जर्मनीत १८८१ सालीच प्रत्यक्षात आला होता. त्या कुत्र्याचं नाव पूडलपॉइंटर. त्याच्यामागे राजकारणही होतं. १८४८च्या क्रांतीने शिकारीवरची सरदार-जमीनदारांची मक्तेदारी मोडली आणि शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. पूर्वी बड्या घराण्यांकडे पक्षी दाखवणारे कुत्रे वेगळे, पाण्यातून आणणारे वेगळे, जखमी जनावराचा माग काढणारे वेगळे, असा सगळा ताफा असे. नव्या शिकाऱ्याला असा थाट परवडणारा नव्हता. त्याला एकच कुत्रा हवा होता, तोही सगळी कामं करणारा. ‘हेगेवाल्ड’ या टोपणनावाने लिहिणारे बॅरन फॉन त्सेडलिट्स यांनी त्यासाठी इंग्लिश पॉइंटर आणि पूडल यांचा संकर सुचवला. पॉइंटरकडून वारा घेऊन दुरून पक्षी हेरणारं नाक आणि सावजासमोर पुतळ्यासारखं थबकणं मिळणार होतं. पूडलकडून पाणी, पकडलेलं आणून देण्याची वृत्ती आणि शिकवलेलं चटकन उचलण्याची बुद्धी. पुढच्या पिढ्यांत पॉइंटरचं रक्त पूडलच्या कितीतरी पट वापरलं गेलं. तरीही दाढी, जाड भुवया आणि राठ केस टिकले.

ते का टिकले, याचा उलगडा सव्वाशे वर्षांनी झाला. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की कुत्र्यांच्या केसांची बहुतेक विविधता फक्त तीन जनुकांच्या उलटसुलट जुळणीतून येते. एका जनुकाने दाढी-मिशा आणि राठपणा येतो, दुसऱ्याने लांबी, तिसऱ्याने कुरळेपणा. पूडलमध्ये तिन्ही बदल आहेत. दाढीचा बदल प्रबळ असतो, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच आला तरी पिल्लाला दाढी येते. त्यामुळे पूडलचं रक्त पातळ होत गेलं तरी निवड करणाऱ्याला दाढीवाली पिल्लं ओळखून पुढे नेता आली. अंगालगत बसणाऱ्या राठ केसांतून काटेरी झुडपं सरकतात, पाणी निथळतं आणि केसही कमी गळतात. ही जात आजही दुर्मीळच आहे. नर खांद्याशी ६० ते ६८ सेंटिमीटर, मादी ५५ ते ६३, रंग बहुधा तपकिरी. १९५६ साली बोडो विंटरहेल्ट यांनी ही जात उत्तर अमेरिकेत नेली. हेच विंटरहेल्ट पुढे १९६९ मध्ये बहुगुणी शिकारी कुत्र्यांच्या परीक्षा घेणाऱ्या संघटनेचे एक संस्थापक झाले.

हाच हिशेब लॅब्राडूडलला लावून पाहा. लॅब्राडॉर आणि पूडल यांच्या पहिल्या पिढीत प्रत्येक पिल्लाला दाढीच्या जनुकाची एक प्रत मिळते, म्हणून सगळीच दाढीवाली निघतात. पण अशी दोन पिल्लं एकमेकांशी जुळवली, तर सरासरी चारांत एक पिल्लू गुळगुळीत तोंडाचं होतं आणि लॅब्राडॉरसारखे ढीगभर केस गाळतं. पुन्हा पूडलशी जुळवलं तर दाढी पक्की होते, पण कुरळेपणा आणि गुंतेही वाढतात. ‘न गळणारा’ म्हणून विकत घेतलेलं पिल्लू आठ महिन्यांचं झाल्यावर सोफा पांढरा करू लागतं, त्यामागे नशीब नसतं, साधं गणित असतं.

हे सगळं झालं केसांचं. ॲलर्जीचं गणित वेगळंच निघालं. अमेरिकेत ओबामांच्या थोरल्या मुलीला ॲलर्जी म्हणून २००९ साली व्हाइट हाउसमध्ये पोर्तुगीज वॉटर डॉग आला आणि ‘ॲलर्जीमुक्त कुत्रा’ हा शब्द घरोघर पोचला. पाठोपाठ २०११ मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी कुत्रा असलेल्या १७३ घरांतली धूळ तपासली. तथाकथित ॲलर्जीमुक्त जातींच्या घरांत ‘कॅन एफ १’ हे कुत्र्याचं मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन कमी सापडलं नाही. २०१२ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासाने तर उलटाच धक्का दिला : पूडल, लॅब्राडूडल वगैरेंच्या केसांवर हे प्रथिन इतर जातींपेक्षा जास्त होतं. लॅब्राडूडल असलेल्या घरांच्या जमिनीवरच्या धुळीत ते थोडं कमी मिळालं, हवेत मात्र काहीच फरक नव्हता. आणि जातीजातींमधल्या फरकापेक्षा एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमधला फरक मोठा होता. मराठवाड्यातल्या कारवानी कुत्र्याचे केस इतके आखूड, की गळलेले चटकन दिसतही नाहीत. पण लाळ त्यालाही असतेच. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, त्यामुळे कुत्रा घेऊन पारधीला जाण्याचा प्रश्न उरत नाही, ॲलर्जीचा उरतो.)

लॅब्राडूडलला नाव मिळवून देणाऱ्या वॉली कॉनरन यांना हे आकडे न पाहताच कळलं होतं. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत ते पैदाशीचं काम पाहत. १९८०च्या दशकात हवाई बेटांवरच्या एका अंध महिलेने मदत मागितली. तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी ३३ स्टँडर्ड पूडल पारखले, पण वाटाड्याच्या कामाला एकही उतरला नाही. शेवटी त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडल जुळवले. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली गेली, आणि त्यातल्या एकाच पिल्लाच्या नमुन्याने त्या नवऱ्याला त्रास झाला नाही. तेच पिल्लू, सुलतान, पुढे तिकडे गेलं. नंतरच्या एका १० पिल्लांच्या वेतातही चालण्यासारखी तीनच निघाली. माझ्या मते कॉनरन यांची खरी देणगी ही पद्धतच : जात न बघता एकेक पिल्लू त्याच्या लाळेनिशी त्याच माणसावर तपासणं. बाजाराने नाव तेवढं उचललं आणि तपासणी सोडून दिली. या संकराची जी साथ पसरली तिचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं कॉनरन यांनी उतारवयात उघडपणे सांगितलं.

शिकाऱ्याला मात्र ही पद्धत अजूनही वापरता येते, आणि तिच्यात आता एक आश्चर्यकारक भर पडली आहे. कुत्र्याच्या ॲलर्जीकारक प्रथिनांपैकी ‘कॅन एफ ५’ हे नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं आणि लघवीवाटे अंगावर येतं. कुत्र्याची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना, काही पाहण्यांनुसार सुमारे ३० टक्क्यांना, फक्त याच एका प्रथिनाचा त्रास होतो. अशा माणसाला मादी किंवा खच्ची केलेला नर बहुधा सोसतो. रक्ताच्या तपासणीत हे वेगळं कळू शकतं. म्हणजे वर्षानुवर्षं जात कोणती यावर वाद घालणाऱ्या एखाद्या शिकाऱ्याचं उत्तर, निदान त्याच्यापुरतं, ‘कुठलीही चांगली मादी’ इतकं सोपं असू शकतं. नाक, पोहणं, आज्ञाधारकपणा यांत मादी काही कमी पडत नाही.

लाळेच्या ‘कॅन एफ १’चा त्रास असेल, तर एवढ्याने भागत नाही. मँचेस्टरच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं, की कुत्र्याला अंघोळ घातली की प्रथिन घटतं खरं, पण ते घटलेलं राहावं म्हणून आठवड्यातून दोनदा अंघोळ लागते. हातमोजे घालून पक्षी घेणं, गाडीत पिंजऱ्यातच बसवणं, झोपायच्या खोलीत न घेणं हे सगळं त्याच्या जोडीला. पिल्लू ठरवण्याआधी त्याच्या आईबापांसोबत बंद खोलीत दोन-तीनदा बराच वेळ काढावा. डॉक्टरांना विचारून, आणि दमा असेल तर त्यांच्या होकाराशिवाय नाहीच.

कामाच्या बाजूने पूडलपॉइंटर आणि डूडल यांची तुलना करायची, तर मी पारडं पहिल्याकडे झुकवीन. केसांसाठी नव्हे. त्याच्या पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रानात आणि पाण्यात परीक्षा दिलेल्या कुत्र्यांचीच वीण पुढे चालवली. डूडलचे आईबाप बहुतेकदा घरातले पाळीव असतात. बंदुकीचा आवाज त्यांनी ऐकलेला नसतो. शिकारी लॅब्राडॉर आणि शिकारी वंशाचा पूडल यांच्यापासून झालेला डूडल मिळाला तर गोष्ट वेगळी, पण तिथेही दोन्ही बाजूंचे कागद मागावेत. संकर म्हणजे निरोगी, असं सरसकट धरणं धोक्याचं आहे. लॅब्राडॉर आणि पूडल या दोन्ही जातींत खुब्याचा सांधा बिघडण्याची खोड आहे, आणि दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एकच जनुकदोषही दोघांत आढळतो. दोन्ही आईबापांत तो दडलेला असला, तर संकरित पिल्लूही आंधळं होऊ शकतं. आणि त्यात आधी जाते ती अंधुक उजेडातली नजर, म्हणजे बदकं उतरण्याच्या पहाटेच्या वेळची. जनुकीय तपासणीत हा दोष आधीच सापडतो.