शेजारचा आवाज आणि आपली झोप: दाटीवाटीच्या वस्तीत काय करता येईल?

उरणमध्ये सगळं गाव एकाच वेळी झोपत नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. ओएनजीसीचा प्रकल्प, बोकडवीऱ्याचं वायू विद्युत केंद्र, कंटेनर यार्ड आणि ट्रेलरची वाहतूकही रात्रंदिवस चालू असते. करंजा-मोऱ्याकडे भरती-ओहोटी बघून होडी काढणाऱ्यांची झोपेची वेळ तर रोज पुढे सरकते. त्यामुळे एकाच गल्लीत एकाची सकाळ ही दुसऱ्याची मध्यरात्र असते. त्यातच गावठाणात भिंतीला भिंत लागलेली घरं आणि द्रोणागिरीच्या इमारतींमध्ये वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकली तरी खाली कळतं.

‘शेजारच्या आवाजाने झोप होत नाही’ ही तक्रार अनेक जण डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण त्यांना तो आजार वाटत नाही. डोकेदुखी, चिडचिड, ॲसिडिटी किंवा वाढलेलं बीपी घेऊन ते येतात. आवाजाचा त्रास दोन वाटांनी होतो. एक म्हणजे झोप तुटते. दुसरं म्हणजे आपल्या हातात काही नाही, ही भावना मनात घर करते. या दोन्हींवर वेगवेगळे उपाय करावे लागतात.

झोपेतही कान जागेच असतात

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही मेंदू आवाज ऐकत असतो आणि धोका आहे का, हे तपासत असतो. भांडं पडलं, दार आपटलं की काही सेकंदांसाठी झोप उथळ होते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब किंचित चढतो. बहुतेक वेळा आपल्याला जाग आल्याचं आठवतही नाही. पण असं रात्रीतून अनेकदा झालं, तर सात तास पडून राहूनही सकाळी अंग जड वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या शिफारशींनुसार चांगल्या झोपेसाठी खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा कमी असावा आणि मध्येच होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, तर मिक्सर सुमारे ८० ते ९०. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. आकडा १० ने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

मग शेजारच्या टीव्हीने हृदयविकार होतो का? दीर्घकाळच्या आवाजाचा हृदयाशी असलेला संबंध मुख्यतः रस्त्यावरच्या वाहतुकीच्या अभ्यासांतून पुढे आला आहे. शेजारच्या आवाजावर तेवढे अभ्यास नाहीत. पण झोपमोड आणि मनावरचा ताण हे परिणाम स्पष्ट आहेत. ज्यांना आधीच रक्तदाब, मधुमेह, मायग्रेन किंवा नैराश्य आहे, त्यांनी झोपेकडे दुर्लक्ष करू नये.

शेजारचाच आवाज जास्त का खुपतो?

डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत आपण शांत झोपतो, पण भिंतीपलीकडचं हळू बोलणं झोपू देत नाही. फक्त आवाज मोठा असण्याने हे होत नाही. तो कधी येईल हे माहीत नसणं, तो थांबवता न येणं आणि ‘यांना आपली पर्वाच नाही’ असं वाटणं, यांमुळे त्रास वाढतो.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास यावर प्रयोग केले. काही लोकांना मोठा, अनियमित आवाज ऐकवला. त्यातल्या काहींना एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच सहन झालं नाही तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेल्या कामांत बटण असलेल्यांनी बटण नसलेल्यांपेक्षा कमी चुका केल्या आणि ते जास्त वेळ चिकाटीने टिकले. दोघांनी ऐकलेला आवाज तोच होता. फरक इतकाच, की एकाच्या हातात काहीतरी होतं.

‘मोटर सकाळी साडेसहाला पंधरा मिनिटं चालेल’ हे आधी कळलं, तर तीच मोटर कमी त्रास देते. उलट, पुढचा आवाज कधी येतो याची वाट बघत पडून राहिलं, तर शांततेतही झोप लागत नाही.

आवाज कोणत्या वाटेने येतो, ते आधी शोधा

हवेतून येणारा आवाज (बोलणं, टीव्ही, भजन, कुत्र्याचं भुंकणं) दाराखालच्या आणि खिडकीच्या फटींतून येतो. दाराच्या कडांना रबरी पट्टी आणि खाली ब्रश किंवा गुंडाळलेली चादर लावल्यास फरक पडतो. सामाईक भिंतीला कपड्यांनी भरलेलं कपाट लावलं तर थोडी मदत होते. पलंग त्या भिंतीपासून हलवून खोलीच्या दुसऱ्या बाजूला न्या. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून बाहेरचा आवाज अडत नाही.

भिंत-स्लॅबमधून येणारा आवाज (मसाला कांडणं, खुर्ची ओढणं, पाण्याची मोटर) आपल्या बाजूने अडवणं कठीण असतं. तो जिथे तयार होतो तिथेच थांबवावा लागतो. मोटरखाली जाड रबर, मिक्सरखाली घडी घातलेलं गोणपाट, खुर्चीच्या पायांना जुन्या स्लीपरचे तुकडे, असे उपाय फार स्वस्तात होतात. तसं रबर स्वतः आणून शेजाऱ्यांना दिलं, तर बोलणंही सोपं होतं.

डीजेच्या स्पीकरचा धडधडणारा खर्जातला आवाज भिंती, पडदे आणि कानातले बोळे या सगळ्यांतून काही प्रमाणात आत येतोच. तिथे वेळेची मर्यादा पाळणं हाच खरा उपाय आहे.

दिवसा झोपणाऱ्यांनी काय करावं?

नाईट शिफ्ट करून आल्यावर दिवसाची झोप मुळातच हलकी आणि कमी वेळाची असते, कारण शरीराचं घड्याळ तेव्हा जागं राहायला सांगत असतं. त्यामुळे रात्री जो आवाज जाणवणार नाही, तो दिवसा उठवतो. यात जीवाचा धोका आहे. सलग १७ तास जागं राहिल्यावर प्रतिक्रियेचा वेग आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे मंदावतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. ट्रेलर किंवा क्रेन चालवणाऱ्याची दुपारची झोप म्हणूनच रस्त्यावरच्या इतरांच्याही सुरक्षेची गोष्ट आहे.

- फोमचे इअरप्लग वापरा. हात धुऊन प्लग बोटांत बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. साध्या कापसाने फारसा आवाज अडत नाही.
- कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा कान दुखत असेल तर प्लग घालू नका. लहान मुलांना देऊ नका. गजर ऐकू येतो का, ते सुट्टीच्या दिवशी तपासा.
- पंखा किंवा कूलरचा एकसारखा आवाज मधले छोटे आवाज झाकतो. शेजारचा आवाज दडपण्यासाठी इअरफोनवर मोठ्याने गाणी लावून झोपू नका.
- खिडकीला गडद पडदा लावा. अंधार असेल तर झोप लवकर आणि खोल लागते.
- शिफ्टच्या शेवटच्या काही तासांत चहा-कॉफी टाळा. झोपेसाठी दारू नको. तिने झोप लवकर लागते, पण नंतर तुटते.
- झोपेच्या गोळ्या दुकानातून स्वतःहून किंवा दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका.

शेजाऱ्यांशी कसं बोलावं?

आवाज चालू असताना, रागात, दार वाजवायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी निवांत वेळी जा. आधी आठवडाभर वहीत लिहा: कोणता आवाज, किती वाजता, किती वेळ. अनेकदा लिहिताना लक्षात येतं की ‘सारखा’ वाटणारा आवाज दिवसातून दोनदाच होतो. मग मागणीही नेमकी करता येते.

‘तुमचा फार आवाज असतो’ असं म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो. त्याऐवजी स्वतःची गरज आणि वेळ सांगा: “वहिनी, या आठवड्यात माझी नाईट आहे. सकाळी नऊ ते दुपारी तीन झोपतो. तेवढ्या वेळात टीव्ही जरा हळू ठेवाल का? संध्याकाळी कितीही लावा, काही हरकत नाही.” शिफ्टचं वेळापत्रक शेजारच्या व्हॉट्सॲपवर टाकलं तरी चालतं. आपल्या घरातूनही कोणाला त्रास होतो का, हे त्याच वेळी विचारा.

हळदीच्या रात्री आगरी-कोळी घरात वाजंत्री असणारच. अशा वेळी कार्यक्रम कधी संपणार हे आधी विचारून ठेवा. घरात तान्हं बाळ, आजारी माणूस किंवा परीक्षेचा विद्यार्थी असेल तर ते सांगा आणि स्पीकरचं तोंड दुसरीकडे करायला सांगा. शक्य असल्यास त्या रात्री नातेवाईकांकडे झोपा.

कधी आवाजामागे आजार असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी रात्री हाका मारतात, स्वमग्न मूल ओरडतं. त्या घरातली माणसं तुमच्याहून जास्त थकलेली असतात. तिथे तक्रारीपेक्षा चौकशी उपयोगी पडते.

आणि भिंतीपलीकडून मारहाणीचा, किंचाळण्याचा आवाज येत असेल तर तो ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ समजू नका. ११२ वर पोलिसांना, महिलांसाठी १८१ वर, मुलांसाठी १०९८ वर फोन करा.

बोलून उपयोग झाला नाही तर

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके सणांचे दिवस राज्य सरकार ठरवतं आणि त्या दिवशी १२ पर्यंत सूट असते. निवासी भागात रात्री फटाके, हॉर्न आणि आवाज करणारी बांधकामाची यंत्रंही चालत नाहीत. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये, म्हणजे हा नियम दिवसाही लागू आहे.

या नियमांना न्यायालयांनी बळ दिलं आहे. दिल्लीत एका अल्पवयीन मुलीच्या मदतीच्या हाका ध्वनिक्षेपकावरच्या संगीतात कुणाला ऐकूच आल्या नाहीत, अशा बातमीनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये निकाल दिला. नको असलेला आवाज दुसऱ्याच्या कानावर लादण्याचा हक्क कोणालाही नाही, हे त्यात स्पष्ट झालं. मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये सविस्तर आदेश दिले. जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात याच न्यायालयाने तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करण्यास पोलिसांना सांगितलं.

उरण तालुका रायगड जिल्ह्यात असला तरी इथली पोलीस ठाणी नवी मुंबई आयुक्तालयाखाली येतात. तातडीची तक्रार ११२ वर करता येते. रोजच्या त्रासासाठी इमारतीत सोसायटीकडे आणि गावात जाणत्या माणसांकडे आधी जा. लेखी तक्रारीसोबत वहीतली नोंद जोडा. मोबाइल ॲपवरचा डेसिबलचा आकडा अंदाजापुरताच धरा.

मात्र दिवसा झोपणाऱ्याला कायद्याचं संरक्षण तोकडं पडतं. सकाळी दहाचा मिक्सर बेकायदेशीर नाही. तिथे शेजाऱ्याची समजूतच कामी येते, म्हणून संबंध तुटेपर्यंत ताणू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

- आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप येत नसेल आणि हे तीन महिने चाललं असेल. निद्रानाशावर गोळ्यांशिवायची वर्तन-उपचारपद्धती परिणामकारक आहे. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर तीन महिने थांबू नका.
- शांत जागी झोपूनही थकवा जात नसेल, जोरात घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं असेल. हा स्लीप ॲप्निया असू शकतो आणि त्याचं खापर शेजाऱ्यांवर फुटत असतं.
- साधे आवाजही असह्य वाटत असतील, कानात सतत गुणगुण असेल.
- मोठ्या आवाजानंतर किंवा अचानक एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. १०० डेसिबलच्या स्पीकरजवळ १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबणं कानाला घातक मानलं जातं.
- शेजाऱ्याला इजा करावीशी वाटणं, घरी जाण्याचीच भीती वाटणं, जगणं नकोसं होणं. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं.

लक्षात ठेवा

आज रात्रीपासून तीन गोष्टी करता येतील: पलंग सामाईक भिंतीपासून हलवा, आवाजाची नोंद सुरू करा आणि शेजाऱ्यांना आपली झोपेची वेळ सांगा. पूर्ण शांतता दाटीवाटीच्या वस्तीत कोणालाच मिळत नाही. पण रोजचे सहा-सात तास सलग झोप मिळावी, एवढं बहुतेक घरांत ठरवून साधता येतं.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या तक्रारींसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*