द्राक्षरस, हवा आणि काचेच्या गोट्या

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट तुम्ही अगदी लहानपणी ऐकलेली असते. मडक्याच्या तळाशी थोडेसे पाणी, कावळ्याची चोच तिथवर पोचेना; मग त्याने एकेक खडा आत टाकला आणि पाणी वर आले. घरच्या घरी थोडीशी वाइन तयार करणारी युरोप-अमेरिकेतील मंडळी हीच युक्ती वापरतात. फरक इतकाच, की कावळ्याला पाणी वर आणायचे होते आणि या मंडळींना हवा बाहेर घालवायची असते. बरणीत राहिलेल्या चार बोटे रिकाम्या जागेची त्यांना एवढी धास्ती का वाटते? याचे उत्तर शोधायला थोडे रसायनशास्त्र, थोडे जीवशास्त्र आणि थोडी भूमिती लागते.

पहारा देणारा वायू

वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या पिकलेल्या द्राक्षांच्या एक लिटर रसात सुमारे २०० ग्रॅम साखर असते. यीस्ट हे सूक्ष्म किण्व या साखरेचे रूपांतर अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांत करते. एवढ्या साखरेपासून किती वायू निघत असेल? जवळजवळ ५० लिटर! बरणीतील सगळी हवा बाहेर ढकलायला तो पुरून उरतो.

बरणीच्या बुचात एक वाकडी नळी बसवतात आणि तिच्यात थोडे पाणी ठेवतात. आतला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, पण बाहेरची हवा पाणी ओलांडून आत येऊ शकत नाही. किण्वन चालू आहे तोवर असा चोख पहारा असतो.

पण साखर संपली की वायू निघणेही थांबते. मग तळाशी बसलेला यीस्टचा गाळ मागे ठेवून वरची निवळ वाइन रबरी नळीने दुसऱ्या बरणीत घेतात. गाळ मागे राहिल्यामुळे नवी बरणी पुरती भरत नाही. वर जागा उरते आणि त्या जागेत हवा शिरते.

कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड आहे, तेव्हा तो वाइनवर पांघरुणासारखा पसरून राहील, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. वायूंचे रेणू सतत धावत असतात आणि एकमेकांत मिसळत असतात. बरणी उघडी राहिली, तर हे पांघरूण काही वेळातच विरून जाते.

हवा दोन वाटांनी घात करते

पहिली वाट जीवाणूंची. ॲसिटोबॅक्टर जातीच्या जीवाणूंना वाढण्यासाठी ऑक्सिजन लागतो. तो मिळाला की ते अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात. वाइनच्या पृष्ठभागावर पातळ साय धरते आणि आंबूस वास येऊ लागतो. वाइनचे व्हिनेगर होण्याच्या मार्गावर असल्याची ही खूण.

दुसऱ्या वाटेला जीवाणूंची गरजच नाही. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेल्या फिनॉल वर्गातील पदार्थांशी ऑक्सिजनची क्रिया होते. वाइनमध्ये अत्यल्प प्रमाणात असलेले लोखंड आणि तांबे या क्रियेला हातभार लावतात. पांढरी वाइन तपकिरी होत जाते, तांबडी विटकरी दिसू लागते, फळाचा सुवास जातो. कापलेले सफरचंद काळपट पडते, त्याच्याशी ही क्रिया बरीचशी मिळतीजुळती आहे. मात्र सफरचंदात एक विकर ती घडवून आणते, तर तयार वाइनमध्ये ती विकरावाचूनही होते.

पाश्चरच्या काचनळ्या

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वाइन खराब होण्याचा प्रश्न राष्ट्रीय चिंतेचा झाला होता. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने लुई पाश्चर यांना त्याचा अभ्यास करण्यास सांगितले. पाश्चर यांचे बालपण आर्ब्वा या द्राक्षबागांच्या गावात गेले होते. तिथेच त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेल्या वाइनचे नमुने तपासले आणि निरनिराळ्या बिघाडांमागे निरनिराळे सूक्ष्मजीव असतात, हे दाखवून दिले. वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, तर हे जीव मरतात, असेही त्यांना आढळले. दुधाच्या पिशवीवर आपण ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द वाचतो, त्याचा उगम या कामात आहे.

त्यांचा आणखी एक प्रयोग फारच साधा होता. काही काचनळ्या त्यांनी वाइनने काठोकाठ भरल्या, काही अर्ध्याच भरल्या, आणि सगळ्यांची तोंडे बंद केली. भरलेल्या नळ्यांतील वाइन फारशी बदलली नाही. अर्धवट नळ्यांतील वाइनचा रंग पालटला आणि तळाशी साका बसला. वाइन तीच, काच तीच. फरक फक्त कोंडलेल्या हवेचा. १८६६ मध्ये त्यांचा वाइनवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दुसरी बाजूही मांडली: लाकडी पिंपातून अगदी सावकाश झिरपणारा ऑक्सिजन वाइनला परिपक्व करतो. म्हणजे मुख्य प्रश्न आहे तो ऑक्सिजन किती आणि किती वेगाने मिळतो, हा.

लहान भांड्याचे दुर्दैव

आता थोडी भूमिती. १० सेंटिमीटर बाजूचा घनाकृती डबा घ्या. त्यात १ लिटर द्रव मावतो आणि वरचा पृष्ठभाग १०० चौ. सें.मी. असतो. आता १ मीटर बाजूची घनाकृती टाकी घ्या. तिच्यात १००० लिटर मावतात, पृष्ठभाग १०,००० चौ. सें.मी.; म्हणजे एका लिटरच्या वाट्याला अवघे १० चौ. सें.मी. दोन्हींत वर एक सेंटिमीटर जागा सोडली, तर टाकीचा शंभरावा भाग रिकामा राहतो, डब्याचा मात्र दहावा! मोठ्या कारखान्याला जी हवा सहज पचते, ती घरच्या बरणीला भोवते.

५ लिटरच्या बरणीत अर्धा लिटर जागा रिकामी आहे, असे समजा. तेथील हवेत सुमारे १४० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो; म्हणजे लिटरमागे ३१ मिलिग्रॅम. यावर उपाय म्हणून सल्फर डाय-ऑक्साइड वापरता येतो. लिंबाच्या स्क्वॅशमध्ये टाकतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट याच कामाचे. पण १ ग्रॅम ऑक्सिजनचा बंदोबस्त करायला सुमारे ४ ग्रॅम सल्फर डाय-ऑक्साइड लागतो. म्हणजे आपल्या बरणीला लिटरमागे १२४ मिलिग्रॅम! युरोपीय संघात साध्या कोरड्या तांबड्या वाइनसाठी कमाल मर्यादाच १५० मिलिग्रॅम आहे. त्यातून वरचेवर झाकण उघडले, की दर वेळी नवी हवा आत येणार. थोडक्यात, रिकाम्या जागेची भरपाई औषधाने होत नाही.

जागाच उरू देऊ नका

खरा उपाय स्वस्त आहे: बरणी गळ्यापर्यंत भरायची. १६ सें.मी. व्यासाच्या पोटाशी पृष्ठभाग सुमारे २०० चौ. सें.मी. असतो, ३ सें.मी. व्यासाच्या गळ्यात तो जेमतेम ७ चौ. सें.मी. उरतो. त्यासाठी तशीच दुसरी वाइन वर ओततात किंवा उरलेली वाइन लहान बाटल्यांत काठोकाठ भरतात. तेही नसेल, तर स्वच्छ धुतलेल्या काचेच्या गोट्या आत सोडतात. १६ मिलिमीटर व्यासाच्या गोटीचे घनफळ जेमतेम २ घन सेंटिमीटर. अर्धा लिटर जागा भरायला अशा सव्वादोनशेहून अधिक गोट्या लागतात. गोट्या काचेच्याच हव्यात. संगमरवराचे खडे टाकले, तर वाइनमधील आम्लाशी त्यांची क्रिया होईल.

जुन्या लोकांनीही हे ओळखले होते. इटलीतील टस्कनी प्रांतात सुरईसारख्या बाटलीच्या गळ्यात ऑलिव्ह तेलाचा थर देत. आपण लोणच्यावर तेल राखतो, तसेच ते. जॉर्जिया देशात ‘क्वेव्री’ नावाचे मातीचे अंडाकृती रांजण जमिनीत पुरून, भरून, तोंड बंद करून वाइन पाच-सहा महिने ठेवतात. या पद्धतीची नोंद युनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

करून पाहा

महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. पण पृष्ठभागाचा धडा साध्या पाण्यावरही गिरवता येतो. परातीत, पातेल्यात आणि निमुळत्या गळ्याच्या बाटलीत प्रत्येकी अर्धा लिटर पाणी घ्या. बाटली अशी निवडा, की पाणी तिच्या गळ्यापर्यंत येईल. तिन्ही भांडी सावलीत शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढून वहीत लिहा आणि दोन दिवसांनी उरलेले पाणी मोजा. कोणते भांडे किती उणे झाले, ते क्षेत्रफळाशी ताडून पाहा. पाण्याची वाफ ज्या दारातून बाहेर जाते, त्याच दारातून वाइनमध्ये ऑक्सिजन आत येतो. ते दार जितके लहान, तितका आतला माल सुरक्षित.