सारखे आजारपण आणि शाळेतली पिछेहाट

कान वाहतो, खोकला हटत नाही, वर्षातून दोनदा न्यूमोनिया, आणि शाळेत पाढे येत नाहीत. अशा मुलाला मराठीत ‘ढ’ आणि कन्नडात ‘दड्ड’ म्हणून आपण मोकळे होतो. जोयड्याच्या जंगलातल्या वाडीवरून पावसाळ्यात दवाखाना गाठणेच कठीण. तिथे ‘हे असे का?’ म्हणून विचारायला सवड कुणाला?

काही मुलांत प्रतिकारशक्ती घडवणाऱ्या जनुकातच दोष असतो. पण म्हणून बुद्धीही कमी, असे नव्हे. अमेरिकेतला डेव्हिड व्हेटर (१९७१–१९८४) बारा वर्षे निर्जंतुक प्लॅस्टिकच्या कक्षात वाढला. तिथेच लिहा-वाचायला शिकला.

पुष्कळदा आड येतो तो कान. वारंवार कान फुटला की ऐकू कमी येते. घरात मराठी किंवा कोंकणी, शाळेत कन्नड. अर्धवट ऐकणाऱ्या मुलाला शाळेची भाषा पकडता येत नाही, आणि आपण दोष देतो दोन भाषांना! दोन भाषांनी कुणी मागे पडत नाही, हे सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. त्यात आजारपणाने बुडालेली शाळा आणि खालावलेली तब्येत यांची भर. कारवार, हुबळी किंवा बेळगावला श्रवणचाचणी करून घ्यावी, तोवर मास्तरांना सांगून पहिल्या बाकावर बसवावे.

काही आजार मात्र मेंदूपर्यंत पोचतात. एडीए या एन्झाइमची कमतरता असेल तर प्रतिकारशक्ती सुधारल्यावरही शिकणे, वागणे आणि ऐकणे यांत अडचणी राहू शकतात. अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशियात चालताना तोल जातो. म्हणून नेमके निदान हवे. परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा तपासण्या होतात. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात यांतल्या काही आजारांच्या उपचारांसाठी मदतीची तरतूद आहे.

आणखी एक, थोडे नाजूक. मामाच्या मुलीशी किंवा अक्कन मगळु म्हणजे सख्ख्या भाचीशी लग्न आपल्या दोन्ही समाजांत चालत आले आहे. दोघांकडेही तोच सदोष जनुक असेल, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. नाते तोडा असे मी म्हणत नाही, पण घरात एखादे बाळ जंतुसंसर्गाने दगावले असेल तर पुढच्या बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगावे. बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आहे. इतर बाळांना ती वेळेवर द्यायलाच हवी. अशा घरातल्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारूनच.