नववर्षात कामाला वेस हवी

नववर्ष उंबरठ्याशी आले की आपणां सर्वांना संकल्पांचे वेध लागतात. पहाटे उठावे, नियमित चालावे, वेळेवर घरी परतावे, काही नवे शिकावे, असे आपण मनाशी ठरवितो. मग नव्याचे नऊ दिवस सरतात आणि दहाव्या दिवशी दवाखान्यातील गर्दी पाहून संकल्प मुकाट्याने बाजूला होतो. दोष मनोनिग्रहाचा आहे, असे समजून आपण स्वतःलाच बोल लावतो. पंचवीस-तीस वर्षांच्या व्यवसायानंतर मला वाटते की दोष बहुधा मनाचा नसतो, कामाच्या रचनेचा असतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयीच चार शब्द लिहावेत, असे योजिले आहे. ते डॉक्टरांसाठी आहेत, तसेच शिक्षक, दुकानदार, हॉटेलातील कर्मचारी आणि टॅक्सीचालक अशा सर्वांसाठी आहेत.

शापोरा नदीवर शिवोली-चोपडे पूल नव्हता, ते दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. पलीकडे जायचे तर फेरीबोटीवाचून गत्यंतर नसे. म्हापशाला कामास गेलेला माणूस संध्याकाळी घड्याळाकडे पाहून उठे. ‘फेरी चुकेल’ एवढे म्हणणे पुरेसे होई. त्याबद्दल कोणी त्याला आळशी म्हणत नसे आणि त्यालाही अपराधी वाटत नसे. धक्क्यावर बोटीची वाट पाहण्यात जाणारी पंधरा-वीस मिनिटे ही दिवसातील सक्तीची विश्रांती होती.

पूल झाला हे फार चांगले झाले. झटके येणारे मूल मांडीवर घेऊन नदीकाठी बोटीची वाट पाहणाऱ्या मातेची अवस्था ज्याने पाहिली आहे, तो फेरीच्या दिवसांबद्दल हळहळणार नाही. परंतु पुलापाठोपाठ मोबाइल आला, त्यामागून व्हॉट्सॲप आले, आणि ‘आता काम संपले’ असे सांगणारे बाहेरचे काहीच उरले नाही. रात्री अकरा वाजता पुरळाचे छायाचित्र येते आणि पाच मिनिटांत उत्तराची अपेक्षा असते. नदीने आपल्या कामाला घातलेली वेस गेली. ती आता आपली आपणच घालावी लागते, आणि माझ्या मते नववर्षाचा खरा संकल्प तोच आहे.

थकवा म्हणजे शौर्य नव्हे

माझ्या निवासी डॉक्टरपणातील एक रात्र मी विसरू शकत नाही. वीस तासांहून अधिक काळ मी जागा होतो. सहा महिन्यांच्या एका बाळासाठी हृदयाच्या औषधाची मात्रा लिहिताना दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकले, आणि मात्रा दहापट झाली. वॉर्डातील सिस्टर औषध भरता भरता थांबल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, हा आकडा एकदा पुन्हा पाहता का?” मी पाहिला, आणि हातपाय गार पडले. ते बाळ बरे होऊन घरी गेले, ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. मुलांच्या वैद्यकात प्रत्येक मात्रा वजनावर काढावी लागते. तेथे एका टिंबाची किंमत किती असते, हे त्या रात्री मला कळले.

त्या काळी सलग जागरण हे निष्ठेचे लक्षण मानले जाई. आज आपल्याला अधिक माहिती आहे. १९९७ साली डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की सतत सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचा हात आणि डोळा यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका बिघडतो. चोवीस तासांनंतर तो सुमारे ०.१० टक्क्याइतका. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेत स्कूटर चालविण्यास कायदा मनाई करतो, तिच्यासारख्या अवस्थेत आपण औषधे लिहितो, हिशेब करतो आणि पर्यटकांना विमानतळावर पोहोचवितो.

थकव्याचा दुसरा हिशेब आपल्याच शरीराच्या वहीत मांडला जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. आपल्यापैकी कितीजणांचा आठवडा ५५ तासांच्या आत संपतो, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

“दोतोर, तुमी जेवल्यात?”

थकव्याच्या पलीकडे आणखी एक अवस्था असते. तिला ‘बर्नआउट’ म्हणतात. अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली त्याविषयी लिहिले आणि पुढे क्रिस्टिना मासलाक यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तिची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती पार ओसरल्याची भावना, कामाविषयी दुरावा वा तुच्छता, आणि कामाची परिणामकारकता घटणे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तेथे बर्नआउटला रोग म्हटलेले नाही. कामाच्या जागी साचलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ती घटना आहे. अर्थात केवळ माणसाला टॉनिक देऊन भागत नाही. कामाची मांडणीही दुरुस्त करावी लागते.

यातील दुसरे लक्षण सर्वांत फसवे. स्वतःला ते जाणवत नाही, समोरच्याला जाणवते. एके दिवशी दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. एक तरुण माता तापाने फणफणलेले मूल घेऊन समोर बसली होती. मी मान वर न करता दोन प्रश्न विचारले, तिसरे उत्तर अर्ध्यावर तोडले आणि चिठ्ठी पुढे सरकविली. ती उठली. सोबतच्या वृद्ध सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारले, “दोतोर, तुमी जेवल्यात?” मी जेवलो नव्हतो. मी मान वर केली, थोडा ओशाळलो, आणि त्या मातेला पुन्हा बसावयास सांगितले. तेव्हा ती बिचकत म्हणाली की पहाटे बाळाचे डोळे वर गेले होते आणि अंग ताठले होते. चिठ्ठी बाजूला ठेवून त्या बाळाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती माउली सांगणारच होती. मी तिला सांगू दिली नव्हती. त्या दिवसापासून दुपारी दीड ते अडीच माझा दवाखाना बंद असतो.

वेस कशी घालावी?

प्रथम, काम संपण्याची वेळ ठरवावी आणि ती दारावर लिहावी. वेळ नुसती ठरवून भागत नाही. त्यानंतर येणाऱ्या गरजवंताची सोयही सांगावी लागते. गावातील वा शेजारच्या गावांतील तीन-चार डॉक्टरांनी रविवार आणि रात्री आळीपाळीने वाटून घेतल्या, तर रुग्णाला रोज कोणीतरी मिळतो आणि प्रत्येकाला काही रात्री झोप मिळते. यासाठी आपसांतील स्पर्धा थोडी बाजूला ठेवावी लागेल.

दुसरे, ‘केव्हाही या’ आणि ‘सकाळी या’ यांतील फरक लोकांना आधीच समजावून द्यावा. माझ्या दवाखान्यात एक फलक आहे. मूल दूध वा पाणी पीत नसेल, प्रत्येक घोट उलटून पडत असेल, झटके आले असतील, मूल गुंगीत असेल किंवा उठवूनही नीट जागे होत नसेल, श्वास फार जलद वा कष्टाने चालला असेल, अथवा तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल, तर वेळ न पाहता यावे. मी न भेटल्यास थेट रुग्णालय गाठावे. हा फलक लागल्यापासून रात्रीचे दूरध्वनी कमी झाले, आणि जे येतात ते खरोखरीच तातडीचे असतात. पालकांनी हा परिच्छेद कापून घरी जपून ठेवण्यास हरकत नाही.

तिसरे, स्मरणशक्तीवर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तपासण्याची एकोणीस बाबींची यादी तयार केली. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. यादीत नवे ज्ञान काहीच नव्हते. ठाऊक असलेले विसरू नये, एवढीच तजवीज होती. दवाखान्यात वजन, ॲलर्जी, मात्रा, धोक्याची लक्षणे आणि पुन्हा येण्याचा दिवस, एवढी पाच कलमी यादी पुरते.

चौथे, काम दुसऱ्याच्या हाती देताना ते नीट द्यावे. उत्तर अमेरिकेतील नऊ बालरुग्णालयांत पाळी बदलताना रुग्णाची माहिती ठरावीक क्रमाने देण्याची पद्धत सुरू केली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले, असे आढळले. दुसऱ्याच्या हाती काम निर्धास्तपणे सोपविता आले, तरच माणूस मनानेही घरी पोहोचतो. हॉटेलच्या स्वागतकक्षाला आणि बँकेच्या काउंटरलाही हे लागू आहे.

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यातील अनेक घरांत रात्रपाळी आली आहे. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो : पाळी बदलायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने बदलून मागावी, शरीराला ती सोसते, रात्रपाळीपूर्वी थोडी झोप घ्यावी, दिवसा अंधाऱ्या खोलीत निजावे, आणि जागरणानंतर डोळे मिटत असतील तर दुचाकीला हात लावू नये. घरच्यांनीही त्या दिवसाच्या झोपेला झोपच मानावे, आळस मानू नये.

शिकण्यासाठी जागा

वेस घातल्यावर मोकळा झालेला वेळ कशाला वापरावा? विश्रांती आणि कुटुंब यांनंतर माझे उत्तर आहे, शिकणे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरने पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. हिशेब मांडला तर वर्षाला सहा तास, म्हणजे दिवसाला एक मिनिट! एवढ्यावर समाधान मानून आपण उरलेली वर्षे पदवीच्या वेळच्या ज्ञानावर काढणार असू, तर व्यवसाय चालेल, पण वाढणार नाही.

येथे आपल्याच तालुक्यातील एका डॉक्टरची आठवण होते. चोपड्यापासून जवळच असलेल्या मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे १८४५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यांनी गोरगरिबांवर उपचार केले, कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी परिश्रम घेतले, आणि त्याच जोडीने प्राचीन शिलालेख, ताम्रपट व नाणी यांचा अभ्यास केला. मुंबईचे शेरीफपद त्यांना दोनदा लाभले. १८७४ साली, पन्नाशी ओलांडताच, त्यांचे निधन झाले. १९७५ साली भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले. आपण भाऊ दाजी होऊ शकत नाही हे खरे. पण रोग्यांच्या रांगेपलीकडेही डॉक्टरला जिज्ञासा असू शकते, आणि ती त्याला अधिक चांगला डॉक्टरच करते, एवढे त्यांच्याकडून घेता येईल. रोज वीस मिनिटांचे वाचन वर्षाला सव्वाशे तासांच्या घरात जाते.

शिमग्यापर्यंतचा संकल्प

शेवटी एक व्यावहारिक सूचना. वरील सर्व गोष्टी एकदम सुरू करू नयेत; एकच निवडावी. लंडनमधील संशोधकांनी नव्या सवयी अंगी बाणण्यास किती दिवस लागतात, याचा अभ्यास केला. मध्यम कालावधी ६६ दिवस आला. कोणाला अठरा दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत तो अडीचशेच्या पुढे जाईल, असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. १ जानेवारीला आरंभ केला तर ६६ दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरतात, म्हणजे आपला शिमगा येऊन ठेपतो. तेव्हा दहाव्या दिवशी निराश होऊ नये. शिमग्यापर्यंत धीर धरावा आणि मगच संकल्प टिकला की नाही ते ठरवावे.

माझा यंदाचा संकल्प लहानसा आहे. संध्याकाळी शेवटच्या मुलाला तपासून झाल्यावर दवाखाना बंद करावा, दुसऱ्या दिवशीच्या तातडीच्या नोंदी वहीत लिहाव्यात, आणि घरी जाण्यापूर्वी दहा मिनिटे नदीकाठी उभे राहावे. फेरी आता तेथे थांबत नाही. वेळ झाली हे स्वतःच स्वतःला सांगावे लागते.

आपणां सर्वांस नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.