दोरीला दाद न देणारं इंजिन

यशवंतपुरातून निघणारा तुमकूर रस्ता शहराबाहेर पडताना बेंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रावरून जातो. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या ‘इंडिया एनर्जी वीक’मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं. सुरुवात ११ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या ८४ पंपांवर झाली. इथेनॉल उसापासून बनतं, म्हणून ऊस पिकवणाऱ्या सांगली-कोल्हापूरला या घटनेचा आनंद झाला असेल, तर तो रास्तच होता. पण याच दोन जिल्ह्यांत पूर येतो, आणि पुरात माणसं काढायला जी रबरी बोट जाते, तिच्या मागे टांगलेलं इंजिन पेट्रोलवरच चालतं. त्या इंजिनाचं आणि नव्या पेट्रोलचं जमवून घ्यावं लागतं.

या इंजिनाला बचाव पथकांत ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आऊटबोर्ड मोटर. इंजिन, दांडा आणि पंखा एकाच साच्यात. बोटीच्या मागच्या फळीला स्क्रूने आवळायचं आणि निघायचं. मूळचे नॉर्वेचे, अमेरिकेतल्या मिलवॉकीत स्थायिक झालेले ओल एव्हिनरूड यांनी १९०९ साली ते बाजारात आणलं. दीड अश्वशक्तीचं, ६२ पौंड वजनाचं. त्यांच्या आधीही काहींनी अशी इंजिनं बनवली होती, पण सामान्य माणसाच्या हाती ते खऱ्या अर्थानं एव्हिनरूड यांनी दिलं. धंद्याचा हिशेब आणि जाहिरात त्यांच्या पत्नी बेस सांभाळत.

शंभरहून अधिक वर्षांत इंजिन बदललं, तक्रार बदलली नाही. दोरी ओढायची, पुन्हा ओढायची, आणि इंजिन ढिम्म.

अशा वेळी घाबरलेला माणूस थेट कार्ब्युरेटर खोलायला धावतो. जाणता मिस्त्री आधी लाल दोरीकडे बघतो. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली ही सुरक्षा दोरी. तिची क्लिप जागेवर नसेल, तर ठिणगी पडतच नाही. मग गिअर न्यूट्रलला आहे का, ते. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला, तर पेट्रोल बाहेर पडेल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पुढचं पेट्रोल अडतं. इंजिन एकदा सुरू होऊन दोन-चार मिनिटांनी मरतं, तेव्हा दोष बहुधा याच स्क्रूचा असतो.

नळीवरचा रबरी बल्ब पुष्कळ काही सांगतो. बाण इंजिनाकडे ठेवून, बाहेर जाणारं टोक वर धरून तो दाबत राहायचा. पेट्रोल भरलं की तो कडक होतो. कितीही दाबला तरी मऊच राहिला, तर कुठूनतरी हवा शिरते आहे: जोडाच्या रबरी रिंगमधून, तडकलेल्या नळीतून किंवा बल्बच्या आतल्या झडपेतून. दाबून सोडल्यावर चपटाच राहिला, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे.

इथवर सगळं ठीक असेल, तर प्लग काढावा. बेंगळुरूला प्लगचं अप्रूप नाही; १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीचे स्पार्क प्लग याच शहरात बनले आणि देशभर गेले. प्लगचं टोक तपकिरी असेल, तर इंजिनाची तब्येत बरी. काळं-ओलं असेल, तर पेट्रोल जास्त होतं आहे. चोक ओढून दोरीला झटके देत राहणाऱ्यांच्या इंजिनात हे हमखास सापडतं. अशा वेळी चोक बंद करून, थ्रॉटल उघडून, पेट्रोलची नळी काढून दोरी ओढावी, म्हणजे साचलेलं पेट्रोल उडून जातं.

बेंगळुरूत मात्र काळ्या प्लगला आणखी एक कारण असू शकतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, किनाऱ्याच्या हवेसाठी बसवलेला असतो. विरळ हवेत तो तितकंच पेट्रोल सोडतो आणि मिश्रण जड होतं. इंजिन खोकत सुरू होतं, थोडी ताकदही घटते. नव्या, संगणकाच्या ताब्यातल्या इंजिनांना हे आपोआप सावरता येतं. जुन्या टू-स्ट्रोकला येत नाही.

आता पेट्रोल. सहा-आठ महिने कार्ब्युरेटरच्या वाटीत पडून राहिलेलं पेट्रोल उडत-आटत चिकट थर मागे ठेवतं, आणि सुईच्या टोकाएवढ्या जेटला तेवढंही पुरतं. इथेनॉलचा धोका वेगळा: तो हवेतलं पाणी ओढून घेतो. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलमधून फुटून टाकीच्या तळाशी बसतं, आणि नळी तळातूनच ओढते. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने खराब होतात. परीक्षा सोपी आहे: वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावं. खाली वेगळा थर दिसला, की टाकी रिकामी करून पुसण्याशिवाय इलाज नाही.

म्हणून बहुतेक बिघाड चालताना घडत नाही, उभं असताना घडतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. एरवी गोदामात पडून असलेल्या इंजिनाकडून अशा दिवशी दुसऱ्या झटक्यात सुरू होण्याची अपेक्षा असते. ती पूर्ण व्हायची, तर महिन्यातून एकदा पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून इंजिन चालवायला हवं. कोरडं चालवलं, तर पाणी खेचणारा रबरी पंप क्षणात जळतो. बंद करताना नळी काढून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्यावं, आणि उरलेलं टाकीतलं पेट्रोल गाडीत घालून संपवावं. (टू-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळलेलं असतं, ते गाडीत घालू नये.) हे काम कंटाळवाणं आहे, त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. पण पुरात अडकलेल्या घराच्या छतावरच्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो, त्यामुळे बोट विकत घेण्याच्या खर्चाइतकंच त्याला महत्त्व मिळायला हवं.

बेंगळुरूच्या हवेसाठी जेट बारीक केला असेल, तर तसं इंजिनावर चिठ्ठी चिकटवून नोंदवावं. तेच टू-स्ट्रोक इंजिन मालवण किंवा वास्कोच्या किनाऱ्यावर नेलं, तर दाट हवेत पेट्रोल कमी पडतं. त्याबरोबर ऑइलही कमी जातं, पिस्टन तापतो, आणि भर समुद्रात सिलेंडरला चिकटून बसतो.